चुकांची वंशावळ

"बाई, तुम्ही आमची कॉपी कशी पकडायच्या, आठवतं?"

डॉ. करुणा मडावीने हे विचारलं तेव्हा गोहोकार बाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पौषातली दुपार होती आणि यवतमाळच्या थंडीला अजून धार होती. शहात्तराव्या वर्षीही बाईंची बोटं झरझर चालत होती. करुणा त्यांची जुनी विद्यार्थिनी. सावरटेकच्या कन्या निवासी विद्यालयात सहावीपासून दहावीपर्यंत ती त्यांच्या हाताखाली विज्ञान शिकली होती. आता चाळिशीची झाली होती आणि नागपूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. सकाळी फोन न करता ती आली, याचंच बाईंना नवल वाटलं होतं.

"न आठवायला काय झालं?" बाई म्हणाल्या. "दोघींचं उत्तर बरोबर असलं तर काहीच सिद्ध होत नाही, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. पण दोघींची चूक सारखी निघाली, की समजायचं एकीनं दुसरीचं पाहिलंय. तू टेकामच्या वर्षाला दाखवायचीस. मला सगळं माहीत होतं."

"आमची प्रयोगशाळा हेच करते बाई. चुका जुळवते."

"मग मला शिकव. पाच वाजता गल्लीतली मुलं यायची आहेत गोष्ट ऐकायला. तोवर मी तुझी विद्यार्थिनी."

करुणा हसली नाही. तिने सूप आपल्याकडे ओढलं आणि शेंगा सोलता सोलता सांगायला लागली.

आपल्या प्रत्येक पेशीत एक मजकूर असतो, तीनशे कोटी अक्षरांचा. अक्षरं मात्र चारच, ए, टी, जी आणि सी. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा हा सगळा मजकूर उतरवून काढावा लागतो. एवढं उतरवायचं म्हणजे कुठे कुठे चूक होणारच. बहुतेक चुका कुणाच्या खिजगणतीतही नसतात. पण एकदा झालेली चूक त्या पेशीच्या लेकींना जाते, नातींना जाते, आणि प्रत्येक पिढी आपली एखादी नवी चूक तिच्यात घालते. म्हणून कुठल्याही दोन पेशी समोर ठेवल्या आणि त्यांच्या चुका जुळवल्या, तर त्यांची पणजी एक होती का आणि त्या वेगळ्या कधी झाल्या, हे सांगता येतं. वर्गात एकीची वही बघून दुसरीनं, दुसरीची बघून तिसरीनं उतरवावं आणि शेवटी बाईंनी सगळ्या वह्या मांडून मूळ वही कुणाची ते काढावं, तसंच.

"आमचं उगमवाचक यंत्र गाठीतल्या वीस हजार पेशी एकेक करून वाचतं आणि त्यांची वंशावळ मांडतं," करुणा म्हणाली. "गाठीची मूळ पेशी कोणती, ती कितव्या वर्षी बिघडली, हे त्यातून कळतं. आणि आता बिघडली कशानं हेही."

"ते कसं?"

"प्रत्येक विषाची चूक करायची एक तऱ्हा असते. तंबाखूची वेगळी, उन्हाची वेगळी. हस्ताक्षर असावं तसं."

बाईंचे डोळे चमकले. असं काही ऐकलं की त्यांना आजही खडू हातात घ्यावासा वाटे. "वा! मग अडलं कुठे?"

"गेल्या वर्षभरात माझ्याकडे तीन बायकांच्या गाठी आल्या. तिन्ही अंडाशयाच्या. अंडाभोवती राखण करणाऱ्या ज्या पेशी असतात ना, त्यांच्या. लाखात एखादीला होणारी गाठ आहे ही. एक बाई घाटंजीची, एक आर्णीची, एक पांढरकवड्याची. एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत, एका जातीच्याही नाहीत. पण तिघींच्या मुळाशी एकच चूक आहे. जिथे ए हवा तिथे टी. शेकडो ठिकाणी. आणि काळ म्हणाल तर तिघींच्याही वयाचं अकरावं ते तेरावं वर्ष. या पेशी त्याच वयात भराभर वाढायला लागतात."

"तिन्ही केंद्रांवरच्या पेपरात एकच चूक," बाई पुटपुटल्या. "म्हणजे पेपर एका ठिकाणी लिहिला गेला."

"तिघी सावरटेकच्या आहेत बाई. आपल्या शाळेच्या."

बाईंचे हात थांबले. मग त्या घाईघाईने बोलू लागल्या. विहिरीचं पाणी असेल. शाळेला लागून कापसाच्या पऱ्हाटीचं शेत होतं, त्याची फवारणी वाऱ्याबरोबर वसतिगृहात यायची, त्यांनी दोनदा तक्रारही केली होती. पाणी तपासून घे, माती तपासून घे.

करुणाने सगळं ऐकून घेतलं. "फवारणीचं हस्ताक्षर असं नसतं," ती म्हणाली. "हे एका आम्लाचं आहे आणि ते आम्ल वनस्पतींचं एकच कुळ तयार करतं. आपल्याकडे त्या कुळातली एक वेल काळ्या रानात बांधाबांधावर उगवते. किडामार म्हणतात तिला."

बाई उठल्या, गुडघ्यांवर हात देत आत गेल्या आणि कापडात बांधलेली एक जाड वही घेऊन आल्या.

"तू ओळखलंच होतंस."

"मी पण तुमचा काढा प्यायले आहे ना. सहावीपासूनच्या सगळ्या पोरी दर शनिवारी रांगेत उभ्या राहायच्या, नाक दाबून. पण कुणी किती वर्षं प्यायला, ते फक्त तुमच्या वहीत आहे."

"तुझं?"

"स्वतःचंच आधी तपासलं. सध्या तरी काही नाही."

तीस वर्षांपूर्वी सावरटेकच्या पोरींच्या पोटात जंत होते आणि चेहऱ्यांवर रक्त नव्हतं. सरकारी गोळ्या कधी यायच्या, कधी नाही. आल्या तरी मुली त्या तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकायच्या. बाईंच्या आजीने त्यांना लहानपणी किडामारचा काढा दिला होता. पण आजी म्हणाली म्हणून पोरींना पाजणाऱ्यातल्या बाई नव्हत्या. त्यांनी प्रयोग केला. निम्म्या मुलींना काढा, निम्म्यांना नाही. सहा महिने त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजली, रक्त तपासून घेतलं, आधी स्वतः पेलाभर पिऊन पाहिलं. काढा घेणाऱ्या मुलींचे जंत गेले, गाल भरले. राज्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस आलं. पुढच्या वर्षापासून सगळ्याच मुलींना काढा सुरू झाला, आणि पुढे नऊ वर्षं चालला.

बाईंना जे मोजायचं होतं ते त्यांनी अचूक मोजलं. जंत मेले का? रक्त वाढलं का? तीस वर्षांनी काय होईल, हा रकाना वहीत आखलेलाच नव्हता.

"किती जणी?" त्यांनी विचारलं.

करुणाने पानं उलटून हिशोब केला. काढा प्यायलेल्या मुली दोनशे चौदा.

"घाबरू नका. सगळ्यांना होत नाही. आणि रक्ताच्या एका तपासणीत आता या चुकीचे तुकडे सापडतात, गाठ डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी. तेव्हा ते एक अंडाशय काढलं की झालं. पण तपासणीला आल्या पाहिजेत. सगळ्या."

"येतील," बाई म्हणाल्या. "माझ्या नावानं पत्र लिही. माझ्या शब्दाबाहेर कुणी जायची नाही."

पाच वाजता मुलं आली. त्या दिवशी बाईंनी त्यांना गोष्ट सांगितली नाही.

*

दोनशे चौदा पत्रं गेली. आल्या एकोणीस जणी.

कारण साधं होतं. आजाराचा उगम सापडू लागल्यापासून नवा कायदा झाला होता. गाठीच्या मुळाशी विष निघालं, तर ते विष कुणी दिलं याची चौकशी व्हायचीच. ज्या बाईच्या रक्तात ही चूक सापडेल, तिचा अहवाल आपोआप चौकशी अधिकाऱ्याकडे जाणार होता. आणि चौकशी कुणाची, तर गोहोकार बाईंची.

चैत्रात शाळेच्या पटांगणात माजी विद्यार्थिनी जमल्या. शंभराच्या वर होत्या. कुणी शिक्षिका, कुणी अंगणवाडीत, कुणी आपल्या शेतात राबणारी. बाई फाटकातून आत आल्या आणि पाया पडायला रांग लागली.

शीतल राठोड सगळ्यांच्या पुढे होती. पंचायत समितीची सभापती, आवाज खणखणीत. बाराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं तेव्हा बाई तांड्यावर जाऊन तिच्या बापाशी भांडल्या होत्या आणि तिला परत घेऊन आल्या होत्या.

"बाई, तुमी काई बोलू नका," ती म्हणाली. "आमचं ठरलं. रक्त देनं म्हंजे तुमच्याविरुद्ध साक्ष देनं. आमी नाई देत."

"अगं शीतल, हा परीक्षेतला रुसवा आहे का? जिवाचा प्रश्न आहे."

"जीव तुमीच तर देल्ला." शीतल सगळ्यांकडे वळली. "काहून व, खोटं बोलून रायली का मी?"

"अवो बाई, काढा इतका कडू होता का त्यात जंत जगले नाई," मागून कुणीतरी ओरडलं, "तं कॅन्सर काय जगते!"

पटांगणात हशा पिकला. बाईंनी हात जोडले, समजावलं, फळ्यावर पेशी काढून दाखवली. मुली मान डोलवत राहिल्या, वर्गात डोलवायच्या तशाच. सगळं कळत होतं आणि कुणी जागची हलत नव्हती. शेवटी त्यांच्यातली एक जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पोरीचं लगन ठरून रायलं बाई. असं काई निघालं तं लोक म्हनतीन, याइच्या रक्तातच हाय. तुमचं नाव पुढं हाय ते बरं हाय. बाईसाठी नाई देलं म्हनता येते."

बाईंच्या लक्षात आलं. पोरींचं प्रेम खरं होतं. आणि त्या प्रेमाआड लपायला जागाही चांगली होती.

*

कार्तिकात वर्षा टेकाम नागपूरच्या रुग्णालयात भरती झाली. करुणाची बाकावरची जोडीदार, जिला ती पेपर दाखवायची. बाई तिला भेटायला गेल्या तेव्हा तिच्या पोटात पाणी झालं होतं आणि हातांच्या काड्या झाल्या होत्या.

"बाई, बसा ना. त्या खुर्चीवर नका बसू, हालते ते."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. तिचा हात हातात घेतला.

"मले तुमचा राग नाई येत," वर्षा म्हणाली.

"का गं नाही येत?"

"लय कोशीस केली. येतच नाई." ती हसली आणि खोकली. "करुनाचं पत्र आलं होतं ना माघात, तवा पोट दुखे थोडं थोडं. नवरा म्हने, जाऊन ये. मी म्हटलं, बाईचं नाव काहून खराब करा? अंगावरच काढलं."

बाहेर आल्यावर बाईंनी करुणाला गाठलं. "माघात आली असती तर?"

"बाई, नका विचारू."

"मी विचारते आहे."

करुणाने भिंतीवरच्या पडद्यावर वर्षाच्या गाठीची वंशावळ लावली. खाली एक जाड खोड होतं, बाराव्या वर्षापासून निघालेलं. तीस वर्षं ते जवळजवळ सरळ वर गेलं होतं. ही गाठ एरवी कासवाच्या चालीने चालते. अगदी टोकाला मात्र त्याला एक आडवी फांदी फुटली होती आणि तिथून पुढे झुडूपच झुडूप माजलं होतं.

"यकृतात गेली ती ही फांदी," करुणा म्हणाली. "ही फुटून सात महिने झाले."

बाईंनी मनाशी महिने मोजले. फांदी चैत्रात फुटली होती. पटांगणात हशा पिकला त्या चैत्रात.

यंत्राने गाठीचा उगम दाखवला होता आणि तो बाईंच्या हातून झाला होता, एवढं त्यांनी स्वतःशी कबूल केलं होतं. अज्ञानातून झालेली चूक म्हणून रोज रात्री त्या ती उशाशी घेऊन झोपत होत्या. पण ही फांदी अज्ञानातली नव्हती. वर्षाला पत्र मिळालं होतं, तिला वाचता येत होतं, नवरा जा म्हणत होता. तिला थांबवलं होतं ते बाईंवरच्या मायेनं. आणि अशा अजून पावणेदोनशेच्या वर बायका गावोगाव बसल्या होत्या.

"करुणा," त्या म्हणाल्या, "सव्वीस जानेवारीला तुझी रक्त घ्यायची गाडी सावरटेकला आण. सगळ्या मुलींना बोलव. बाईंना शेवटचं बोलायचं आहे म्हणून सांग."

*

झेंडावंदन झालं. शाळेतल्या मुली घरी गेल्या आणि माजी विद्यार्थिनी पटांगणात सतरंज्यांवर बसल्या. आधीपेक्षा जास्त आल्या होत्या. वर्षाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. फाटकापाशी करुणाची पांढरी गाडी उभी होती. बाई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे विज्ञान कक्ष होता आणि दारावर त्यांच्याच नावाची पाटी.

"मी तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही," त्यांनी सुरुवात केली. "काढ्याच्या दुसऱ्याच वर्षी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं मला पत्र आलं होतं. हा पाला विषारी आहे, मुलींना देऊ नका, म्हणून."

सतरंज्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"मी ते चुलीत घातलं."

"काहून?" कुणीतरी विचारलं.

"बक्षीस जाहीर झालं होतं. पेपरात फोटो आला होता. काढा थांबवला असता तर कारण सांगावं लागलं असतं."

शीतल उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "खोटं. बाई, आमी रक्त द्यावं म्हनून तुमी खोटं बोलून रायल्या. मी वळखतो तुमाले."

बाईंना वाटलं, आपण हिला फारच चांगलं शिकवलं. पुरावा मागणार आहे ही. त्यांनी वही पुढे केली.

"पहिलं पान उघड. काढा न दिलेल्या मुलींच्या रकान्यात सातवं नाव वाच. मोठ्यानं वाच."

"ऋजुता गोहोकार." शीतलने वर पाहिलं. "कोन हे?"

"माझ्या भावाची मुलगी. एक वर्ष इथे होती, माझ्याच खोलीत झोपायची. दुसऱ्या वर्षी मी तिला अमरावतीला पाठवून दिलं. पुढची पानं बघ. तिचं नाव काढ्याच्या रांगेत कुठेही सापडणार नाही."

शीतलने पानं उलटली. एक, दोन, दहा. बायका उठून तिच्याभोवती गोळा झाल्या, खांद्यावरून डोकावू लागल्या.

"तिले काहून नाई देल्ला?" शीतलने विचारलं. आवाज पार खाली आला होता.

या प्रश्नाचं उत्तर बाईंना माहीत होतं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्यांची नावं निघाली त्यांना काढा, राहिल्या त्यांना नाही, आणि ऋजुताचं नाव राहिलं होतं. वर्ष संपलं आणि भावाची बदली अमरावतीला झाली, म्हणून ती गेली. इतकं साधं होतं ते. आयुष्यभर बाईंनी मुलींना बजावलं होतं, जे पाहिलं तेच लिहा. आता त्या शीतलच्या डोळ्याला डोळा देऊन उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत.

तेवढं पुरलं.

"आपली पोर तेवढी बाजूले ठेवली," शीतल सावकाश म्हणाली. "आन् आमाले देल्ला. तांड्यावरच्या पोरी, कोलामाच्या पोरी. मेल्या तं कोन विचारते!"

"वर्षा मेली व," मागून कुणीतरी रडत ओरडलं. "हिचं नाव खराब होऊ नाई म्हनून मेली थे!"

हिचं. बाईंनी तो शब्द ऐकला आणि पायरीचा कठडा धरला.

शीतलने वही जमिनीवर टाकली. झंपरची बाही वर सारली. "उठा व सगळ्या. चला. हे बुढीसाठी मरता काय?" आणि मागे वळून न बघता ती गाडीकडे निघाली. तिच्यामागे दुसरी गेली, मग चौघी, मग सतरंज्यांच्या सतरंज्या रिकाम्या झाल्या. वाकून पाया पडणाऱ्या बायका आता पायऱ्यांपासून चार हात लांबून जात होत्या. एक म्हातारी, कुणाची तरी आई असावी, जाता जाता थुंकली. ते बाईंच्या पदराला लागलं नाही. जवळच पडलं.

गाडीपुढची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. बाई ती मोजत राहिल्या.

*

करुणा चार वाजता मोकळी झाली. बाई विज्ञान कक्षात एकट्या बसल्या होत्या.

"चिठ्ठ्या मी उचलल्या होत्या," करुणा दारातूनच म्हणाली. "स्टीलच्या डब्यातून. तुम्ही माझे डोळे रुमालानं बांधले होते, लबाडी होऊ नये म्हणून. ऋजुता रडली होती, मला पण काढा पाहिजे म्हणून."

"किती जणींचं रक्त घेतलंस?"

"एकशे अठ्ठावन्न. बाई, कुठलं पत्र? कुठला डॉक्टर? त्या वर्षी केंद्रात डॉक्टरच नव्हता. जागा रिकामी होती."

"चांगली आठवण आहे तुझी."

"मी जाऊन सांगते सगळ्यांना. रक्त तर झालं घेऊन."

"बस इथे," बाई म्हणाल्या, आणि करुणा सहावीतल्यासारखी बाकावर बसली. "आज रक्तात चूक सापडली नाही म्हणजे पुढे सापडणार नाही, असं आहे का?"

करुणाने बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"सांग. तू डॉक्टर आहेस."

"नाही. दर वर्षी तपासावं लागेल. निदान वीस वर्षं."

"मग वीस वर्षं त्यांना माझा राग यायला हवा. तू आज खरं सांगितलंस तर पुढच्या जानेवारीत पुन्हा पाया पडायला येतील आणि रक्त न देता जातील."

"तुमच्यावर खटला चालेल बाई. ठाऊक असून दिलं, असा. त्या जे म्हणतील ते सगळं कागदावर येईल."

"येऊ दे. मी सही करीन."

"आणि मी काय करू?" करुणा बाकावरून उठली. "मला खरं माहीत आहे. मी कुणावर रागावू?"

बाईंनी टेबलावरची धूळ पदराने पुसली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

महिन्याभरात अहवाल आले. पुढच्या आठवड्यांत मागे राहिलेल्या आणखी तेहतीस जणी स्वतःहून येऊन रक्त देऊन गेल्या. एकूण अकरा जणींच्या रक्तात ती चूक सापडली. नऊ जणींचं वेळेत निघालं. शस्त्रक्रिया होऊन त्या घरी गेल्या. दोघींना उशीर झाला होता. नऊ जणींत शीतल राठोड होती.

बाईंनी चौकशी अधिकाऱ्यापुढे जबाबावर सही केली. वय पाहून त्यांना कोठडीत ठेवलं नाही, पण बातमी सगळीकडे झाली. विज्ञान कक्षावरची पाटी निघाली. भावाने फोन करणं बंद केलं. ऋजुताने पुण्याहून एकदाच फोन केला आणि विचारलं, "आत्या, माझं नाव का घेतलंस?" आणि उत्तर यायच्या आत ठेवून दिला. गल्लीतली मुलं पाच वाजता येईनाशी झाली. पहिले काही दिवस बाई चटई टाकून बसत. एका पोराने लांबून हात हलवला तर त्याच्या आईने त्याला घरात ओढलं. मग बाईंनी चटई गुंडाळून ठेवली.

खटल्याच्या तारखा पडत राहिल्या. वर्ष गेलं.

पुढच्या जानेवारीच्या अखेरीला करुणाचा फोन आला. ती आता क्वचितच बोलत असे आणि बोललीच तर कामापुरतं.

"किती आल्या?" बाईंनी विचारलं.

"दोनशे तीन."

"राहिल्या कोण?"

"तुम्हाला ठाऊक आहेत त्या सहा, ज्या गेल्या. पहिल्या तिघी, वर्षा आणि उशीर झालेल्या दोघी. बाकी पाच जणी परराज्यात आहेत, त्यांचे नमुने येताहेत. सगळ्या आल्या बाई. नवीन एक सापडली. अगदी दाण्याएवढी."

बाईंनी डोळे मिटले. "शीतल आली होती?"

"रांग तिनंच लावली. ज्या आल्या नाहीत त्यांना घरी जाऊन घेऊन आली."

"काही म्हणाली?"

पलीकडे करुणाने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"सांग."

"रक्त देता देता विचारत होती, थे बुढी जिवंत हाय का अजून, म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"आहे म्हणाले."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "दर वर्षी हेच सांग. मी नसले तरी."